हॉलमधला नायगारा

नायगारा धबधबा आमच्या हॉलमध्ये एकूण अकरा मिनिटं कोसळला.

मे महिना होता. कॉलनीच्या उन्हाळी शिबिरात मुलांना जगातली आश्चर्यं करून आणायला सांगितली होती. गट दोन: निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित. आमच्या ईशानं आठ दिवस खपून काड्यापेट्यांचा पिरॅमिड उभा केला होता, एकटीनं. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी समोरच्यांच्या मुलीचा आयफेल टॉवर दिसला. तयार विकत आणलेला, वर लुकलुकणारा दिवा! माझं डोकंच फिरलं. मी हिंगण्याच्या कारखान्यात भल्याभल्या मशिनी दुरुस्त करणारा माणूस, आणि माझ्या मुलीनं काड्यापेट्या घेऊन जायच्या?

"नायगारा करू. खऱ्या पाण्याचा," मी जाहीर केलं.

"बाबा, मले पिरॅमिडच नेऊ द्या ना," ईशा म्हणाली.

मी ऐकलं नाही. (रागात मला कमी ऐकू येतं. माझ्या वडिलांना, आबाजींना, राग नसतानाही कमी येतं. हे पुढे फार महागात पडलं.)

दुपारपर्यंत थर्माकोलचा कडा तयार झाला. आता पाणी वर चढवायला पंप हवा, आणि मे महिन्यात नागपूरच्या घरात पंप एकाच ठिकाणी सापडतो: कूलरमध्ये. कूलर आबाजींच्या खोलीत. ते स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. बायकोनं, सुनंदानं, तिथूनच बजावलं, "आबाजीचं जेवण होऊनच राहिलं. कूलरले हात नोका लावू." मी तिच्यावरही खेकसलो. पंप काढला, वायरला तुकडा जोडून ती दाराखालून हॉलमध्ये ओढली आणि पंप टबभर पाण्यात सोडला. बटण मात्र खोलीतल्या बोर्डावरच राहिलं.

मी कड्यामागे नळी बसवत बसलो होतो, तेवढ्यात आबाजी जेवून खोलीत गेले. कडी लावली, कानातलं यंत्र काढलं आणि कुठल्याही शहाण्या नागपूरकरासारखं आधी पंपाचं बटण दाबलं. कूलरच्या जाळीतली खस भिजायला दहा मिनिटं द्यायची, मग पंखा लावायचा. हा नियम मला लहानपणी त्यांनीच शिकवला होता.

नायगारा आधी छताला लागला. मग नळी निसटली आणि टेबलावरच्या पिरॅमिडकडे वळली. मी झेपावलो, तर सुनंदानं शर्टच धरला. "करंट लागन!" खरंच होतं. जोडलेली वायर पाण्यात, आणि चालू कूलरच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे बारशापासून ठाऊक असतं. मेन स्विचही आबाजींच्याच खोलीत. (हा फ्लॅट मीच पसंत केला होता.) मी दार बडवलं. पंप बनवणाऱ्याला, आयफेल टॉवरला, शिबिराला, उन्हाळ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. तोवर इजिप्तमध्ये महापूर आला होता. आठ दिवसांच्या काड्यापेट्या आमच्या डोळ्यांदेखत खाली बसल्या.

अकराव्या मिनिटाला कडी निघाली. आबाजी घाम पुसत बाहेर आले.

"काहून गा, दहा मिनिटं झाले, खस भिजूनच नाही राहिली." मग त्यांनी हॉल पाहिला. "इकडं भिजलं वाटते सारं."

ईशा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तो लगदा परातीत भरला आणि पाच वाजता प्रदर्शनाला निघाली. मी धुमसत मागोमाग. कुणी हसलंच तर काय सुनावायचं, ते वाटेत पाठ करून ठेवलं होतं.

परीक्षक बाई परातीवर वाकल्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हे कोणत्या गटात टाकायचं गं? निसर्गनिर्मित की मानवनिर्मित?"

"मानवनिर्मित," ईशा म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्या गटाची चिठ्ठी काढली आणि ती परातीला चिकटवावी की मला, याचा जरा वेळ विचार केला.