लाल सीलची बाटली

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यभर पुस्तकं बांधली. पुढच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, पुठ्ठ्यांचा ढीग आणि स्टोव्हवर रटरटणारा सरस. हाडाकातड्यांचा तो चिकट रस उकळला की शेजारी खिडक्या लावून घेत, जाऊबाईंना मात्र त्याचं काही नाही. पण त्यांच्या लेकीने थायलंडहून माशाच्या सॉसच्या दोन बाटल्या पाठवल्या, त्यांतली एक पिशवीतच फुटली, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या बाटलीकडे बघितलं तरी जाऊबाईंच्या नाकाला फडकं.

"सरस चालतो, हा चालत नाही?" मी विचारलं.

"सरस मी खात नाही."

लेक तिकडे एका हॉटेलात नोकरीला होती. इमारतीखाली हातगाडीवर तळणाऱ्या बाईकडून ती एकेक पदार्थ शिके आणि रविवारी चारला व्हिडिओ कॉलवरून आईला शिकवी. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. दोघींची लाडकी मक्याची टिक्की. दाणे अर्धवट ठेचायचे, त्यात तांदळाचं पीठ, लाल तिखट वाटण, बारीक चिरलेली लिंबाची पानं आणि चमचाभर सॉस. बरोबर काकडीचं आंबटगोड पाणी. दोघी एकदमच तळत, एकदमच चावा घेत.

"सॉस घातलास?"

"घातला की."

"कळतोय?"

"कळतोय तर. त्याशिवाय मजाच नाही."

तीन वर्षं जाऊबाई पापणीही न लवता खोटं बोलल्या. सॉसऐवजी त्या नुसतं मीठ वाढवत. मला हसू आवरेना की मी रिकामं पातेलं घेऊन मागच्या दारी जायची.

मग लेक घरी आली, ती आजारी होऊनच. पोटाचं दुखणं फार उशिरा कळलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले, खाईल ते द्या म्हणाले. पण ती काही खाईच ना. अकरा दिवस नुसत्या भाताच्या पाण्यावर होती. बाराव्या दिवशी, रविवार होता, ती म्हणाली, "आई, टिक्क्या कर ना."

जाऊबाईंनी फळीवरून बाटली काढली. पुठ्ठे कापायच्या सुरीने सील तोडलं आणि चमचाभर सॉस पिठात ओतला. नाकाला फडकं नव्हतं. 

लेकीने तुकडा तोडला, बराच वेळ चघळला आणि बशी बाजूला केली.

"छान झालीय. पण ही गाडीवरच्या बाईची झाली."

"तू शिकवलीस तशीच केली गं."

"तुझी कर. बिनसॉसची."

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने नाही म्हणून मान हलवली.

"काकूने नाही सांगितलं," लेक म्हणाली. "बाटली तुझ्या मागच्या फळीवर असायची. लाल सील दर रविवारी तसंच दिसायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू शिकणं सोडलं असतंस." दम लागला म्हणून ती थांबली. "तुझ्या टिक्क्या मी एकदाही खाल्ल्या नाहीत, आई. नुसत्या बघितल्या."

जाऊबाईंनी पुन्हा पीठ कालवलं. तिने अडीच टिक्क्या खाल्ल्या. मला रडूही आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी ती नव्हती.

जाऊबाई आताही पुस्तकं बांधतात. रविवारी चारला पिठाच्या डब्याला टेकवायला काही नसतं, तरी टिक्क्या तळतात आणि चमचाभर सॉस न चुकता घालतात. परवा बाटली संपली. त्यांनी तळाशी पाणी घालून ती हलवली आणि तेही पिठात ओतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसरी कुठे मिळते का, बघशील?"