पिठीच्या व्हिडिओतला आवाज

भुताखेतांचे अनुभव वाचताना मी चहात बिस्किट बुडवत बसणारी बाई आहे. कोणाला पांढरी साडी दिसली, कोणाला पैंजण ऐकू आले... वाचायचं, हसायचं आणि कुकर लावायला उठायचं. आता मीच इथे लिहितेय म्हटल्यावर माझं मलाच हसू येतंय. पण घरात सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आम्ही भाईंदर पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. मूळचे गुहागरकडचे. धाकटी जाऊ सोनल पूर्वेला, इंद्रलोक भागात राहते, तिचं रेसिपीचं चॅनल आहे. तिचं किचन अंधारं, म्हणून दर शनिवारी दुपारी ट्रायपॉड घेऊन रिक्षाने माझ्याकडे शूटिंगला येते. ओटा माझा, पातेली माझी, पदार्थही मीच शिकवलेले... चेहरा तेवढा तिचा. एकेकाळी टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमाला मी तीनदा पत्र पाठवलं होतं. कोणी बोलावलं नाही. हिला कोणी बोलवायची गरजच नाही, फोन उभा केला की झाली सुरू. समोरची भाभी म्हणते, "आपकी देवरानी तो स्टार हो गई." मी म्हणते, "हां ना, बहुत मेहनती है." खरं सांगू? जळते मी तिच्यावर.

त्या शनिवारी कुळथाची पिठी होती. व्हिडिओचं नाव आधीच ठरलेलं — 'माझ्या सासूबाईंच्या हातची पिठी'. आता गंमत ऐका. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी हिचं लग्न झालं. हिने त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. त्यांचं सहा वर्षं केलं ते मी. शेवटी शेवटी त्यांना दिसायचं नाही, पण हॉलमधल्या पलंगावरून नुसत्या आवाजावर सगळं कळायचं. फोडणी करपली, पाणी जास्त झालं... चांगला म्हणून एक शब्द नाही. लेकींना, शेजारणींना लाडाने 'बाय' म्हणायच्या. मला कधीच नाही.

शूटिंग चालू असताना कोणी बोलायचं नाही, हा सोनलचा नियम. तिचं बोलणं ती नंतर भरते. घरात आम्ही दोघीच, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, मी दारात घाम पुसत उभी. कोणी चकार शब्द काढला नाही, शपथेवर सांगते.

मग ती हेडफोन लावून क्लिप बघायला बसली आणि मध्येच थांबली.

"ताई, हा कोणाचा आवाज आलाय?"

मी ऐकलं. लसूण तेलात पडते, आणि मागून, पलंग असायचा तेवढ्या अंतरावरून — "आच कमी कर गो बाय... हां. आता बरोबर."

तो आवाज मी ओळखणार नाही? पण भीती वाटली ती क्षणभरच. पुढे जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. माझ्या स्वयंपाकघरात येऊन, मला ओलांडून, म्हातारी हिला बाय म्हणाली. वर 'बरोबर'सुद्धा म्हणाली.

"वरच्या मजल्यावरची कोणीतरी असेल," मी म्हटलं. "कापून टाक."

"राहू दे ना ताई, किती गोड वाटतंय."

"नको गं. उद्या त्यांनी ओळखलं तर उगाच भांडण."

तिने माझ्यासमोर तेवढा आवाज काढून टाकला. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ क्लिपही डिलीट केली. मी बघत बसले.

दोन दिवसांनी आमच्या ह्यांनी तो व्हिडिओ बघितला. जेवताना म्हणाले, "आईचे फोटो ढीगभर आहेत गं, पण आवाज एकदाही टेप केला नाही आपण." मी त्यांना भात वाढला.

नंतर वर जाऊन चौकशी केली. तो फ्लॅट महिनाभर बंदच होता. कुठलं जुनं रेकॉर्डिंग मिसळलं म्हणावं, तर जुनं रेकॉर्डिंगच नाही. मला काही उलगडत नाही, कोणाला उलगडलं तर लिहा.

हल्ली मीही स्वयंपाक करताना फोन ओट्यावर उभा करते. नंतर बसून सगळं ऐकते — कुकरच्या शिट्ट्या, खालून जाणारा भंगारवाला, माझा खोकला. हे विचारत होते, तूही चॅनल काढतेस की काय. मी हो म्हटलं.

काल मुद्दाम फोडणी करपवली. म्हटलं, निदान ओरडतील तरी. दोनदा ऐकलं. कोणी काही बोललं नाही.