पाच लिटर झोप

एखादी पोरगी झोपेनं डुलताना दिसली, की कुलूपमावशी तिला दंडाला धरून काचसामानाच्या खोलीत नेत, पुठ्ठे अंथरून देत आणि बाहेरून कुलूप ठोकत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. फार्मसीच्या चार वर्षांत मला जी काही धड झोप मिळाली, ती त्या कुलपाच्या आतच मिळाली.

वणीच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळेत परिचर होत्या, कंत्राटी. हजेरीपटावर त्यांचं काहीतरी छान नाव होतं, पण आम्हा पोरींसाठी त्या कुलूपमावशीच. ठेंगण्याठुसक्या, साडीवर निळा कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत किल्ल्या. त्या चालायला लागल्या की व्हरांड्याच्या त्या टोकाला कळायचं. "दार उघडं दिसलं का काम आत घुसते व बाई," त्या म्हणत, "कुलूप दिसलं का सर बी परत जाते."

आणि काम तर असं मागे लागलेलं, की काय सांगू! आमचा तांडा मारेगावच्या पलीकडे. पहाटे उठून याडीला, म्हणजे आईला, स्वयंपाकात हात लावायचा, सायकलनं मारेगाव गाठायचं, तिथून एसटी. कोळशाच्या ट्रकांमागे एसटी अडकली की पहिला तास गेलाच, आणि तास गेला की हजेरी गेली. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, ही धमकी रोज एक तरी सर द्यायचेच. दिवसभर प्रॅक्टिकल, संध्याकाळी पुन्हा एसटी, घरी आल्यावर जेवण आटोपून जर्नल. एक जर्नल संपलं की दुसरं तयारच. सुट्टी म्हणजे असाइनमेंट लिहायचा दिवस. त्यात बापूंनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगून ठेवलेलं, "एक साल जरी गेलं, तर कॉलेज बंद. मग मी सोयरीक पाहीन." बापू रागीट नव्हते, पण बोललेलं बदलणारेही नव्हते. त्यामुळे बसमध्ये डोळा लागला तरी मी दचकून जागी व्हायचे, जणू कुणी माझं वर्ष पळवून नेतंय.

आमची जर्नलं पाहून मावशींना मनापासून हसू यायचं. "कायले लिहून राह्यली एवढं? सर पानं मोजते, वाचत नाही." हे खरंच होतं. माझ्या एका मैत्रिणीनं घाईत एकच प्रयोग दोनदा लिहिला, तर दोन्ही पानांवर 'उत्तम' शेरा आला. मावशींना सांगितलं तर त्या परीक्षानळ्या धुता धुता इतक्या हसल्या, की एक नळी फुटली. मग ती फुटकी नळी त्यांनी कागदात गुंडाळून गुपचूप पदराखाली नेली, कारण नळीचा जाब विचारणारे सर मात्र सगळं नीट वाचत.

त्यांचं झोप मोजायचं माप मोठं अजब होतं. घड्याळ त्या वापरत नसत. "घड्याळ माणसाले पळवते," म्हणत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पाणी ऊर्ध्वपातित करायचं यंत्र होतं. त्याच्या नळीखाली पाच लिटरची कॅन लावायची आणि थेंब थेंब शुद्ध पाणी पडत राहायचं. कॅन भरायला साधारण तासभर लागायचा. "कॅन भरली का उठवतो तुले," एवढं सांगून त्या कुलूप लावायच्या. चार वर्षांत त्यांचा हिशेब एकदाही चुकला नव्हता. दारापलीकडे किल्ली वाजली की मी उठून ॲप्रन झटकून उभी राहायचे. इतकी गाढ झोप मला घरच्या खाटेवरही कधी लागली नाही. कुलपाच्या आत माझ्याकडे कुणी काही मागू शकत नव्हतं, म्हणून असेल.

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस. आमची तुकडी दुपारी एकची. आदले तीन दिवस जर्नलं पूर्ण करण्यात गेलेले. अकराच्या सुमारास पुस्तक उघडलं, तर अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. मावशींनी पाहिलं, पुस्तक मिटवलं. "चाल, आता वाचून काही डोक्यात जात नाही." मी म्हटलं, "मावशी, आज नको, परीक्षा आहे." तर म्हणतात कशा, "म्हणूनच त!" फोन आधीच बॅगेसकट बाहेर जमा झालेला. मी पुठ्ठ्यावर अंग टाकलं आणि गेलेच.

जाग आली ती घामानं. पंखा बंद. लाईन गेलेली. लाईन गेली म्हणजे यंत्र बंद, यंत्र बंद म्हणजे कॅन अर्धीच. मावशींना बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या चहापाण्याला दुसऱ्या इमारतीत पिटाळलेलं. जाता जाता त्यांनी कॅनकडे नजर टाकली असणार, अर्धी दिसली असणार, आणि त्यांना वाटलं असणार, पोरीला अजून वेळ आहे.

भिंतीपलीकडे नंबर पुकारले जात होते. एकवीस. बावीस. माझा सव्वीस. मी उठून दाराशी गेले आणि तिथंच थिजले. ओरडले, तर मावशी पोरींना इथं झोपवतात हे सगळ्यांना कळणार, आणि कंत्राटी बाईला काढायला कितीसा वेळ लागतो? गप्प राहिले, तर माझं वर्ष जाणार, आणि वर्षाबरोबर सगळंच. तेवीस. चोवीस. मी देवाचं नाव घेतलं, मावशींचं घेतलं, किल्लीचा आवाज येतो का ते कान लावून ऐकलं. पंचवीस. मग "सव्वीस!" आणि परत एकदा, जरा चिडून, "सव्वीस आहे का?"

खरं सांगते, त्यानंतर मला मावशी आठवल्याच नाहीत. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं, गळा फाटेस्तोवर ओरडले.

मावशी धापा टाकत आल्या. दोन किल्ल्या चुकीच्या निघाल्या, तिसरी लागली. दार उघडलं तेव्हा समोर विभागप्रमुख सर, त्यांच्या मागे परीक्षक, त्यांच्या मागे सगळी तुकडी. "ही आत कशी?" सरांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच मावशी बोलल्या, "माह्यी चूक झाली सर. पोरगी मापाचं काचेचं सिलिंडर आणाले आत गेलती, मी न पाहता कुलूप ठोकलं." माझ्या पायाशी पुठ्ठे अंथरलेले होते, गालावर त्यांचे वळ असतील. सर माझ्याकडे वळले. "असंच झालं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

परीक्षा झाली. मी पास झाले, बरे गुण पडले, बापूंनी तांड्यात गूळ वाटला. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थिनीला कोंडून ठेवणं हा निष्काळजीपणा ठरला आणि पुढच्या महिन्यापासून मावशींचं कंत्राट वाढवलं नाही. ज्या ज्या पोरी त्या पुठ्ठ्यांवर झोपल्या होत्या, त्या सगळ्या आपापल्या प्रोजेक्टात मान खुपसून बसल्या. त्यात मीही होते.

एक दिवस हिय्या करून मी अर्ज लिहिला. मी झोपले होते, माझ्या भल्यासाठीच मावशींनी कुलूप लावलं, दोष माझा आहे, असं सगळं. तो आधी त्यांना दाखवावा म्हणून मधल्या सुट्टीत रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. रेल्वेफाटकापलीकडे टिनाचं घर. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला, की मला रडूच आलं.

"किती वाळली व तू! बस. भाजी टाकतो, जेवून जाय."

"मावशी, मला सरांना खरं सांगायचंय. तुमच्याबद्दल."

"थे मंग सांगजो. आधी बस त खरी."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. दोन वाजता प्रोजेक्टची फाईल द्यायची होती. मी उभ्याउभ्याच पाणी प्यायले. म्हटलं, "रविवारी येते मावशी, सावकाश बसू." त्या दारापर्यंत आल्या. "ये, ये बाई," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रविवारी असाइनमेंट होती. त्याच्या पुढच्या रविवारी सेमिनारची तयारी. शेवटचं सेमिस्टर संपल्यावर गेले, तर घरात दुसरेच भाडेकरू. मावशी पांढरकवड्याला लेकीकडे गेल्या, एवढंच शेजारीण म्हणाली. पांढरकवडा काही दूर नाही. मी आता वणीतच एका औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते, आणि पांढरकवड्याची बस दुकानासमोरूनच जाते.

अर्ज माझ्याकडे अजून आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. वेळ मिळेल त्या दिवशी टाकू, म्हणून ठेवली होती.