गणिताच्या मास्तरचा वात

सौंदडच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि राहतो गोंदियाजवळच्या फुलचूरला. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी परतायचं, असं बरीच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि त्यानंतर माझ्यात काहीतरी बिघडलं. छातीत धडधड, तळहातांना घाम, रात्री झोप नाही, कशातच मन नाही. पोरं क्ष ची किंमत शोधत असायची आणि मी मनातल्या मनात गॅसचं बटण. छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती स्वच्छ निघाली. शेजारचे किराणावाले रोज सांगायचे, "टेंशन मत लिया करो, मास्टरजी." जसं काही मी ते त्यांच्याच दुकानातून उधार आणत होतो.

एका सकाळी गाडी हलली आणि शंका आली की घराला कुलूप लावलंच नाही. पहिल्याच थांब्यावर उतरलो, ऑटो करून घरी आलो. कुलूप जागच्या जागी. तीनदा ओढून पाहिलं, जीव भांड्यात पडला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"झालं का जी समाधान? आता उघडा."

बायको अंगणवाडी सेविका आहे. रोज माझ्याआधी निघते, म्हणून कुलूप लावायचं काम माझं. त्या दिवशी तिची सुटी होती. चहा देताना तिनं मला ते सांगितलंही होतं. ती न्हाणीत केस धूत असताना मी तिला घरात कोंडून निघून गेलो होतो. ती फोन लावून थकली होती आणि माझा फोन बॅगेत मुका पडला होता. किराणावाले दुकान सोडून फाटकाशी उभे राहून मजा बघत होते.

कुलूप उघडलं. मी हसेन असं तिला वाटलं असावं. मी पायरीवर बसलो आणि रडायला लागलो. किराणावाले मुकाट्यानं दुकानात गेले.

"काऊन रडून राहिले जी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गोंदियात एका वैद्यबाईंकडे नेलं. साठीच्या बाई, जाड चष्मा, बोलणं रोखठोक. नाडी धरून म्हणाल्या, "वात वाढला आहे."

"सिद्ध करून दाखवा," मी म्हणालो. "मी गणिताचा माणूस आहे. कुठे आहे वात?"

"तुमची भीती कुठे आहे? ती काढून टेबलावर ठेवा, मी लगेच तिच्याशेजारी वात ठेवते."

बायकोला फार आनंद झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर कोणी मला वादात हरवलं होतं.

मग बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कधी मरून जावं असं वाटतं?"

"तसं नाही. पण जगून काही करावं असंही वाटत नाही."

त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक स्वतःच्या उपचारांची, दुसरी गावातल्या मनाच्या डॉक्टरांसाठी. "दोन्हीकडे जायचं. माझ्या काढ्याच्या भरवशावर तिकडची गोळी बंद करायची नाही. आणि इथे काय घेता ते तिकडे सांगायचं, लपवायचं नाही."

उपचार म्हणजे अंघोळीआधी अंगाला कोमट तिळाचं तेल, ठरल्या वेळी तूप घालून गरम भात, दुधातून अश्वगंधा आणि आठवडाभर शिरोधारा. इथवर ठीक होतं. पुढे म्हणाल्या, "चहा बंद." मी दिवसाला सहा कपांचा माणूस. तीनवर तोडायचा प्रयत्न केला. त्या एकावर अडून बसल्या, तोही सकाळीच.

शाळेत माझ्या अंगाला येणारा वास तिळाच्या चटणीचा आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं आणि मधल्या सुटीत माझा डबा तपासला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिरोधारेला जाताना मी दवाखान्यामागच्या टपरीवर शिरलो. कप ओठाला लावणार तोच बाकावर वैद्यबाई दिसल्या. बिस्किट चहात बुडवत होत्या.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"माझी झोप उत्तम आहे. ठेवा तो कप खाली."

मी ठेवला. चहा टाकायला जिवावर येतं म्हणून तोही त्यांनीच संपवला.

शिरोधारा करायला नवेगाव बांधकडच्या जंगलातल्या गावची एक बाई होती. डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवायची, मग कपाळावर कोमट तेलाची धार सोडायची. सुरुवातीला मी तेलाचे थेंब मोजायला गेलो. धार काही मोजता येत नाही, हे कळायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती गोंडीत काहीतरी गुणगुणत होती. मला एक शब्द कळत नव्हता. आणि कापसाखालून पाणी वाहायला लागलं, थांबेचना.

आतून वैद्यबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही जी," ती म्हणाली. "गुरुजीच्या डोयात तेल गेलं."

कापूस होता, तेल जाणं शक्यच नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, मलाही. तिनं पदरानं माझे गाल पुसले आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

दोन-अडीच महिन्यांत धडधड कमी झाली. भूक लागायला लागली. डॉक्टरांच्या गोळीनं बरा झालो, तेलानं, की त्या बाईच्या खोटं बोलण्यानं? एकाच समीकरणात तीन अज्ञातं असली की उत्तर निघत नाही, हे मीच पोरांना शिकवतो.

शेवटच्या भेटीत वैद्यबाईंनी एक काम वाढवलं. संध्याकाळी तळपायांना तेल चोळायचं. मी ओसरीत बसून इमानदारीनं चोळत होतो. बायको अंगणवाडीतून आली, पिशवी ठेवली आणि समोर बसून दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले.

"हे काय?"

"तुमच्यावानी मायाबी वात वाढला."

"सिद्ध करून दाखव," मी म्हणालो.

ती हसली नाही. "तुमाले झोप नोती, तं मले कुठून राहीन जी? मी कायले सांगू कोणाले?"

तेवढे महिने मी घरातलं प्रत्येक बटण तपासलं होतं. तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी वाटी जवळ ओढली आणि तिच्या टाचांना तेल लावायला लागलो. तिच्या टाचा पार भेगाळल्या होत्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हळू चोळा जी, फळा नोहे तो."