खंडेनवमीची भरलेली बंदूक

आमच्या शेजारच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती. राहायचो आम्ही नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. पण काकांची भातशेती होती डोंगरालगत, आणि भात पिकायला लागलं की तिथे रानडुकरं उतरायची. काका इतके मऊ, की नेम धरायचं सोडून आभाळात बार काढायचे. काकू म्हणायची, "ह्यांच्या बंदुकीला डुकरं भीत नाहीत, वाट बघतात तिची."

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सातेक वर्षांची होते. खंडेनवमीला काकांच्या घरातली सगळी हत्यारं पुजायला मांडली होती. कोयता, कुदळ, अगदी काकूची विळीसुद्धा. बंदूक भिंतीला टेकवून उभी. तिला कुंकू लावून झालं आणि मग काकांच्या लक्षात आलं, की ही रात्रीची भरलेलीच आहे. रिकामी करायचा त्यांना ठाऊक असलेला उपाय एकच, बार काढायचा. पण पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. "उद्या दसऱ्याला बघू," काका म्हणाले. देवभोळा माणूस. नियम पाळला त्यांनी आणि भोगलं मी.

काकू झेंडूचा हार घालायला गेली, तशी बंदूक घसरून आपटली आणि बार उडाला. माझा हात नेमका नैवेद्याच्या खोबऱ्याकडे गेलेला. हावरट होतेच मी, खोटं कशाला बोलू. छर्रे उजव्या तळव्यात घुसले.

टांग्याची वाट न बघता काका मला उचलून अनवाणी पळाले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छर्रे काढले आणि आईला सांगितलं, "पू झाला तर हात मनगटापासून काढावा लागेल." आई काकांना एवढंच म्हणाली, "तुम्ही आता घरी जा." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना. काका तरी रोज यायचे आणि वॉर्डाच्या दारात उकिडवे बसून राहायचे. मी खुणेने बोलवायचे, ते मान हलवून नको म्हणायचे. मला त्यांचा राग कधी आलाच नाही. फार जीव होता माझा त्या माणसावर.

पू काही झाला नाही. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "माझं बोट धर बघू." बोटं हलेनात. परत सांगितलं, तरी हलेनात. आईने तोंड फिरवलं. मग दाराकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही या आत."

काका आले. आपलं जाडजूड, भेगाळलेलं बोट त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवलं. आधी अंगठा हलला, मग त्याच्या शेजारचं बोट. करंगळी हलली नाही, ती आजही हलत नाही. पण धरलं मी. काका भर वॉर्डात हुंदके देऊन रडायला लागले. मला वाटलं, दुखलं त्यांना.

"सोडू का, काका?"

"नको गो बाय," ते म्हणाले. "सोडू नको."