लकी बांबूचं पाणी

"हात वर कर, डोळे मीट," सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने फवारणीचा पंप थेट माझ्या तोंडावर मारला.

पवईच्या टॉवरचं गेट. आम्ही सात कामवाल्या रांगेत. बाजूने साहेबांची कुत्री आत गेली, त्यांना कोण फवारतंय? औषध डोळ्यांत गेलं, नुसती आग आग. माझ्या मॅडमच्या पोराला डेंग्यू झालेला. ती तिथेच उभी होती. म्हणाली, "हा रोग तुमच्याच वस्तीतून येतो."

मी पदराने डोळे पुसले आणि पुढे सरकले. खोटं कशाला बोलू, काम जाईल म्हणून घाबरले.

रोग कशाने येतो, हे मला शिकवू नका. माझ्या धाकट्या भावाला गोवर आला, तेव्हा आई म्हणाली, देवी कोपली. कडुलिंबाचा पाला अंथरला, दवाखान्यात नेलंच नाही. भाऊ गेला. पुढे गोवंडीत आमच्या गल्लीत पालिकेची बाई आली. तिने माझ्या पिंपातल्या अळ्या तळहातावर घेऊन दाखवल्या. डेंग्यूचा मच्छर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो म्हणाली. मला स्वतःचीच लाज वाटली. तेव्हापासून दर रविवारी पिंप रिकामं करून घासते.

त्या दिवशी वर गेले. मॅडमच्या हॉलमध्ये काचेच्या भांड्यात लकी बांबू होता. त्याला हात लावायची मला बंदी. वास्तुवाल्याने सांगितलेलं, पाणी ओतून टाकलं तर घरातली लक्ष्मी जाते, फक्त वरून भर घालायची. वाकून बघितलं. अळ्या वळवळत होत्या.

मॅडमला बोलावून दाखवलं. तिने खाडकन माझ्या कानाखाली मारली. "तूच आणून टाकल्यास."

माझं डोकंच फिरलं. भांडं उचललं आणि आम्हाला मनाई असलेल्या लिफ्टने खाली आले. गेटवर अजून फवारत असलेल्या सेक्रेटरीच्या पायाशी भांडं आपटलं. काचा, पाणी, अळ्या सगळं त्याच्या बुटांवर. तो पंप उचलायला गेला, मी त्याची नळी उपटून फेकली. रांगेत अजून खोळंबलेल्या बाकीच्या सहाजणी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

माझं काम गेलं. जाऊ दे.

आईला कोणी शिकवलं नव्हतं, तिला मी माफ केलं. या शिकलेल्यांना नाही करणार. काम नसलं तरी उद्या सकाळी मी परत त्या गेटवर रांगेत उभी राहणार आहे, डोळे उघडे ठेवून. जो पंप उचलेल, त्याचं मनगट मोडेन.