पाहुण्यांचं झाड

रबराच्या बागेत शिरण्याआधीच तिचा वास आला. ओलं चामडं आणि नासलेलं दूध एकत्र ठेवावं तसा. दोडामार्गकडची ही बाग बघायला मेव्हणा मला मुद्दाम घेऊन गेला होता. कोल्हारजवळच्या माझ्या उसात त्याला कृषी पर्यटन सुरू करायचं होतं, आणि रान माझं असल्यामुळे माझा होकार हवा होता.

प्रत्येक झाडाच्या सालीवर तिरपी खाच, खाली करवंटी, करवंटीत पांढरा चीक. पाहुण्यांना मात्र सगळ्या झाडांना हात लावू देत नव्हते. वाटेलगतचं एकच झाड त्यांच्यासाठी सोडलेलं होतं. येईल त्याने सुरी घ्यायची, साल कापायची, फोटो काढून घ्यायचा. नवख्या हाताने सुरी खोल जाते, लाकूड उघडं पडतं, मग तिथे गाठ धरते. त्या झाडाच्या अंगावर माझ्या छातीच्या उंचीपर्यंत नुसत्या गाठी होत्या. मला शिसारी आली. तरी माझी पाळी आल्यावर मी सुरी घेतली, आणि माझीही खोल गेली. सगळे हसले. मीही हसलो. बोटांना लागलेला चीक शेंबडासारखा ताणला जात होता.

परतताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, तसलं झाड आपल्याकडं बी हाय की. एक कोपी ठिवू पाव्हण्यांची."

कोपी म्हणजे ऊसतोडणीच्या मजुरांची बांबू-पाचटाची खोपटी. हंगामात माझ्या रानाच्या कडेला त्यांची रांगच असते. मी बोटांवरचं रबर खरवडत राहिलो. नाही म्हणालो नाही.

गावी आल्यावर त्याने रस्त्याकडेची कोपी निवडली. आत पाथर्डीकडचं एक जोडपं राहत होतं. नवरा मोळ्या बांधायला गेलेला, बाई भाकरी थापत होती.

"शनवारी पुन्याचे पाव्हणे येतील," मेव्हण्याने तिला सांगितलं. "भाकरी चुलीवरच कर. आत येतील, फोटो काढतील."

बाईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "आत म्हंजे कुठवर, मालक?"

मी पाहिलं. आत एक पेटी, एक गोधडी, दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे. कुठवर असं सांगायला तिथे दुसरी जागाच नव्हती. मेव्हणा म्हणाला, "आत म्हंजे आत. तुझा काय म्हाल हाय व्हय?" आणि मी तेव्हाही गप्प राहिलो. बोटांना पुन्हा तो चीक लागल्यासारखं वाटलं, स्वतःचीच किळस आली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. "कुणी आत येणार नाही."

"मंग दाखवायचं काय? ऊस तर रसवंतीवर बी दिसतो."

"मला दाखव. मी तोडतो."

शनिवारी पाहुण्यांसमोर मी कोयता चालवला. दहा उसांतच धाप लागली, लोकांनी फोटो काढले, मेव्हणा तोंड फुगवून लांब उभा राहिला. घाम पुसताना मी कोपीकडे बघितलं. कोपीच्या तोंडाला आतून जुनं लुगडं बांधलेलं होतं, खालच्या कडेवर दगड ठेवलेले होते.

मी शब्द दिला होता. पण तो द्यायला मला किती वेळ लागला, तेही त्या बाईने पाहिलं होतं.